दुसऱ्या मशीनवर गेलं की डिजिटल आवाज जातो: चेंजओव्हरच्या वायरिंगमधला एक चिवट दोष

लक्षण आधी नीट सांगतो, कारण या दोषाचं अर्धं निदान लक्षणातच आहे. ३५ एमएमच्या सिनेमाची रिळं दोन मशीनवर, म्हणजे दोन प्रोजेक्टरांवर, आळीपाळीने चालतात. पहिलं रीळ सुरू होतं, डिजिटल आवाज खणखणीत वाजतो. रीळ संपताना चेंजओव्हर होतो, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवर जातं, आणि आवाज बसतो. बंद पडत नाही. संवाद ऐकू येतात, गाणंही वाजतं, पण मागच्या स्पीकरांतला जीव जातो आणि ढोलाचा दणका छातीवर येईनासा होतो. तिसरं रीळ पुन्हा पहिल्या मशीनवर येतं, सगळं ठीक. चौथ्याला परत तेच. विषम रिळं डिजिटल, सम रिळं अ‍ॅनालॉग. त्यात हा त्रास रोजचा नाही. कोणीतरी येऊन साफसफाई करून जातो, पंधरा-वीस दिवस सुरळीत चालतं आणि मग ये रे माझ्या मागल्या.

कोकणात मी हा दोष तीन थिएटरांत पाहिलाय. तिन्ही ठिकाणी डिजिटल आवाज उलगडणारा डबा बदलायची भाषा सुरू झाली होती, एका ठिकाणी तर बदललाही होता. तिन्ही ठिकाणी डबा निर्दोष निघाला.

इथे सांगतोय ते मुख्यतः मालवण आणि वेंगुर्ला यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका जुन्या थिएटरबद्दल. रोजचा सिनेमा तिथेही आता सर्व्हरवरूनच चालतो. पण मालकांनी ३५ एमएमची दोन्ही मशीनं भंगारात घातली नाहीत. स्वतःजवळच्या प्रिंटांचे पाच-सहा खेळ ते दर वर्षी हौसेने लावतात. तेव्हा या लेखात ‘डिजिटल’ म्हणजे सर्व्हर नव्हे, तर फिल्मवरच छापलेला डिजिटल आवाज. ऑपरेटर जुनेच, सगळे त्यांना आबा म्हणतात. मी केबिनमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी रोगाचं वर्णन करून टाकलं: “पयल्या मशीनीर आवाज बरो येता रे झिला, दुसऱ्यार गेलो काय बसता.”

आबांचा संशय रिळांवर होता. सम नंबरच्या रिळांची छपाईच कच्ची, असं त्यांचं मत. ऐकायला विचित्र वाटेल, पण केबिनमध्ये बसणाऱ्याला असंच दिसतं. त्याच्यासाठी दुसरं मशीन आणि सम रीळ ही एकच गोष्ट असते.

रीळ, रीडर की आणखी काही

रिळाचा संशय फेडायला पाच मिनिटं पुरतात. सम नंबरचं एक रीळ पहिल्या मशीनवर लावा. तिथे डिजिटल वाजलं तर रीळ सुटलं. आमचं वाजलं.

पुढचा संशयित दुसऱ्या मशीनचा रीडर. इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. डॉल्बी डिजिटल १९९२ साली थिएटरांत आलं, तेव्हा फिल्मवर जागाच उरली नव्हती. चित्र होतं, शेजारी अ‍ॅनालॉग आवाजाची पट्टी होती. मग डिजिटल आवाज बसवला तो दात्यांच्या भोकांच्या मधल्या जागेत. दोन भोकांमध्ये एक चौकोनी ठोकळा, त्यात ७६ बाय ७६ ठिपके. एका चित्राला चार भोकं, सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे सेकंदाला असे ९६ ठोकळे रीडरपुढून जातात. रीडर त्यांच्यामागून प्रकाश टाकतो, समोर कॅमेऱ्यातल्यासारखी सेन्सरची पट्टी ते टिपते आणि डबा त्यांचा आवाज करतो. ठोकळे वाचता आले नाहीत तर डबा निमूटपणे अ‍ॅनालॉग पट्टीवर जातो. प्रेक्षकांच्या दृष्टीने ही सोय उत्तम, खेळ थांबत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र ती फसवते. आवाज चालूच असतो, त्यामुळे काही बिघडलंय हे कित्येक महिने कोणी मान्य करत नाही.

रीडर तपासायचा सोपा मार्ग म्हणजे डब्याच्या मागे दोन्ही रीडरच्या केबलींची अदलाबदल. आधी वीज बंद, मगच केबल काढायची. दुसऱ्या मशीनचा रीडर पहिल्या इनपुटला लावला, दुसरं मशीन चालवलं आणि चेंजओव्हरचं बटण न दाबता डब्याच्या पडद्यावर पाहिलं. तिथे वाचनातल्या चुकांचा आकडा दिसतो: जितका कमी तितकं बरं, आणि वाचणंच जमलं नाही तर ‘एफ’. आकडा ४ आणि ५ यांच्यामध्ये खेळत होता. म्हणजे रीडर ठीक, त्याचा दिवा ठीक, केबल ठीक.

मग केबली जागच्या जागी लावून तोच खेळ रीतसर चालवला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती पहिली टिकली येते तेव्हा साधारण ८ सेकंद उरलेले असतात, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. दुसरी टिकली येते तेव्हा जेमतेम १ सेकंद, तेव्हा बटण दाबायचं. आबांचा हात अजूनही घड्याळासारखा चालतो. चित्र गेलं, आवाज बसला, डब्यावर ‘एफ’. आणि त्याच्या शेजारी एक छोटा हिरवा दिवा, कोणतं मशीन निवडलंय ते सांगणारा. तो १ वरच होता.

इथेच सगळा उलगडा आहे. डबा रिकाम्या झालेल्या पहिल्या मशीनकडे कान लावून बसला होता आणि फिल्म दुसरीकडे चालू होती. तो दिवा तिथे पहिल्यापासून आहे, पण चेंजओव्हरच्या क्षणी ऑपरेटरचे डोळे पडद्यावर असतात आणि डबा असलेला आवाजाचा रॅक त्याच्या पाठीमागे. पाहणार कोण? तुमच्याकडे हा त्रास असेल तर इतर काही करण्याआधी एका माणसाला फक्त त्या दिव्यासमोर उभं करा.

हुकूम पोचतो कसा

डब्याला दोन रीडर जोडलेले असतात, पण एका वेळी तो एकाचंच ऐकतो. कोणाचं ऐकायचं हे त्याला बाहेरून सांगावं लागतं. या थिएटरातल्या डब्याला त्यासाठी मागे दोन टर्मिनल आहेत. ती उघडी असली की पहिलं मशीन, एकमेकांना जोडली की दुसरं. बस्स. डब्याच्या आतून त्या टर्मिनलवर ५ व्होल्ट आणि दोन-चार मिलिअँपिअर एवढाच प्रवाह येतो.

डिजिटल बसवायला आलेल्या माणसाने काय केलं असेल ते त्याच्या जागी उभं राहिलं की लगेच कळतं. चेंजओव्हरचं पॅनेल भिंतीवर आधीपासून होतं. त्यात एक दणकट कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, जो दोन्ही मशीनच्या शटरांच्या कॉइली ओढतो. त्याच कॉन्टॅक्टरच्या जादा कॉन्टॅक्टांच्या एका जोडीवरून २४ व्होल्टचा हुकूम साउंड रॅककडे जायचा आणि तिथला रिले, म्हणजे तसाच छोटा स्विच, अ‍ॅनालॉग आवाज या मशीनवरून त्या मशीनवर न्यायचा. शेजारची दुसरी जोडी रिकामी होती. त्याने डिजिटल डब्याच्या दोन वायरी त्या रिकाम्या जोडीला लावल्या, चालवून पाहिलं, चाललं, तो गेला. मीही कदाचित तेच केलं असतं.

डब्याच्या टर्मिनलवर मीटर लावला. पहिलं मशीन चालू असताना ५ व्होल्ट, बरोबर. दुसऱ्यावर गेल्यावर शून्याजवळ यायला हवं. आलं २.३. मग १.९, मग २.६, काटा नसलेल्या मीटरवरही आकडा काट्यासारखा थरथरत होता. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मी कॉन्टॅक्टरवर एक टपली मारली. आकडा धपकन ०.०२ वर आला आणि रॅकवरचा दिवा २ वर गेला. मागचे स्पीकर एकदम जागे झाले. आबा म्हणाले, “ह्या तर मीपण करतंय, तेका थापटी मारली की वाजता.” आठ वर्षं ते थापटी मारत होते आणि पुढचं रीळ लागलं की विसरत होते.

एक सावधगिरी. ही तपासणी मीटरच्या बीपवर करू नका. बीप मोडमध्ये बराच रेझिस्टन्स असला तरी मीटर वाजतो आणि तुम्ही कॉन्टॅक्ट ठीक म्हणून पुढे जाता. चालू सर्किटमध्ये, जोडलेल्या कॉन्टॅक्टवर किती व्होल्ट उरतात तेच मोजा. आणि ज्या पॅनेलमध्ये २३० व्होल्ट आहे त्यात हात घालण्यापेक्षा डब्याच्या टर्मिनलवर मोजलेलं बरं.

चांदी काळवंडते

आता खरा प्रश्न. एकाच कॉन्टॅक्टरवरच्या दोन जोड्या. एक अ‍ॅनालॉगचा हुकूम नेते, दुसरी डिजिटलचा. एकाच वेळी बसवलेल्या, एकाच हवेत राहणाऱ्या. मग अ‍ॅनालॉगचा हुकूम कधीच का चुकला नाही?

गणपतीच्या आधी देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काढलं की काळं पडलेलं असतं. कॉन्टॅक्टरच्या कॉन्टॅक्टांनाही चांदीच्याच टिकल्या असतात. हवेत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असला की चांदीवर काळा थर चढतो, आणि तो थर वीज नीट वाहू देत नाही. या थिएटरच्या केबिनची मागची खिडकी खाडीकडे उघडते. ओहोटीला कांदळवनातला चिखल उघडा पडला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच वायूचा. उन्हाळ्यात गारवा यावा म्हणून ती खिडकी दिवसरात्र उघडी. वर समुद्राची खारी हवा, तिने तांब्या-पितळेच्या टर्मिनलवर हिरवा कळंक चढतो तो वेगळाच. आणि पावसाळ्याचे चार महिने दमट.

तर थर दोन्ही जोड्यांवर सारखाच चढत होता. फरक प्रवाहात होता. अ‍ॅनालॉगची जोडी २४ व्होल्टवर रिलेची कॉइल चालवायची, ७०-८० मिलिअँपिअर. कॉइल तुटताना बारीक ठिणगीही पडते. एवढी ताकद दर चेंजओव्हरला तो थर जाळून टाकते, कॉन्टॅक्ट वापरानेच साफ राहतो. डिजिटलच्या जोडीतून ५ व्होल्टवर दोन-चार मिलिअँपिअर. त्याच्याने धूळही हलत नाही. थर साचत जातो, एक दिवस हुकूम अर्धवट पोचतो.

हे काही गूढ ज्ञान नव्हे. पॉवर रिलेच्या माहितीपत्रकात कमाल भाराबरोबर किमान भारही दिलेला असतो, पुष्कळदा ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअरच्या आसपास. कमाल आकडा सगळे वाचतात. किमान आकड्याकडे बघायचं असतं हे मलाही दुसऱ्या थिएटरात डोकं आपटल्यावर कळलं. पहिल्या ठिकाणी मी चक्क कॉन्टॅक्ट स्प्रे मारून, पैसे घेऊन घरी आलो होतो.

साफसफाईने हा दोष का परत येतो, तेही यातच आलं. स्प्रे किंवा पॉलिश पेपरने थर जातो, कारण जात नाही. पॉलिश पेपर तर शत्रूच समजा. चांदी खरवडली जाते, तिच्यावर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत घाण अधिक घट्ट बसते. या कॉन्टॅक्टरच्या टिकल्या आबांनी इतक्या घासल्या होत्या की एक बाजूने तिरकी झाली होती.

नवी जोडणी

उपाय स्वस्त आहे. डिजिटलच्या दोन वायरी कॉन्टॅक्टरवरून काढून टाकायच्या. रॅकमधल्या अ‍ॅनालॉग रिलेच्या कॉइलला समांतर, २४ व्होल्ट डीसी कॉइलचा एक छोटा सिग्नल रिले बसवायचा. तो कॉन्टॅक्टांवर सोन्याचा मुलामा असलेला आणि पूर्ण बंद डबीतला हवा. सोनं काळवंडत नाही आणि अगदी क्षीण प्रवाहही त्यातून बिनतक्रार जातो. या रिलेचे कॉन्टॅक्ट डब्याच्या टर्मिनलना जोडायचे. झालं. भिंतीवरच्या पॅनेलपासून रॅकपर्यंतच्या लांब पल्ल्यात आता ५ व्होल्टचा कुजबुजता हुकूम जात नाही, २४ व्होल्टचा ठणठणीत जातो. ५ व्होल्टची वायर उरते ती रॅकच्या आतल्या आत, वीतभर.

कॉइलवर उलटा डायोड विसरू नका, वन एन ४००७ चालतो. पट्ट्याची बाजू धन टोकाला. कॉइल तुटते तेव्हा उलट दिशेने मोठा झटका मारते, तो डायोडने तिथल्या तिथे जिरतो, नाहीतर शेजारच्या आवाजाच्या वायरीत टक्‌ ऐकू येतो. मात्र तुमच्या पॅनेलमधला हुकूम एसी असेल तर डायोड लावलात की फ्यूज गेलाच म्हणून समजा. तिथे एसी कॉइलचा रिले आणि कॉइलवर कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी लागते. आधी मोजा.

मुलाम्याच्या रिलेला कधीही जड काम देऊ नका. त्याचीच एखादी रिकामी जोडी दिसली म्हणून शटरची कॉइल तिच्यावर घेतलीत तर पहिल्या काही ठिणग्यांतच सोनं उडून जातं, आणि पुढे तो साध्या रिलेइतकाही चांगला राहत नाही. असं केलेलं मी पाहिलंय, आणि करणारा माणूस चांगला जाणता होता.

या जोडणीने आणखी एक त्रास आपोआप गेला, ज्याची तक्रार आबांनी केलीच नव्हती. दुसऱ्या मशीनचा झेनॉनचा दिवा पेटवताना, म्हणजे चेंजओव्हरच्या मिनिटभर आधी, चालू रिळाचा डिजिटल आवाज कधी कधी क्षणभर अडखळायचा. झेनॉन पेटवायला इग्नायटर हजारो व्होल्टचा झटका देतो आणि तो झटका आसपासच्या प्रत्येक लांब वायरीत थोडा थोडा शिरतो. डिजिटलच्या हुकमाची वायर त्याच पाइपातून गेलेली होती. डब्याला वाटायचं हुकूम आला, तो पळभर दुसऱ्या रीडरकडे वळायचा आणि परत यायचा. तुमच्याकडे झेनॉन पेटवताना डबा पूर्ण अडकत असेल, बंद-चालू केल्याशिवाय सुटत नसेल, तर हुकमाच्या वायरीबरोबर रीडरच्या केबलीही पाहा. त्या, दिव्याला वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरच्या आणि लॅम्पहाउसच्या (दिव्याच्या पेटीच्या) वायरींपासून दूर हव्यात, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. आणि तपासायच्या नादात लॅम्पहाउस उघडू नका. झेनॉनच्या बल्बमध्ये थंड असतानाही दाब असतो, तोंडावर ढाल आणि हातात मोजे नसतील तर ते दार बंदच बरं.

सारखं दिसणारं, पण वेगळं

दिवा बदलत नाही हे एकच लक्षण काळवंडलेल्या कॉन्टॅक्टचं. बाकीच्या तीन तऱ्हा झटपट सांगतो. दिवा २ वर जातो आणि बटण सोडताच १ वर परत येतो, तर तुमचा डबा धरून ठेवलेला हुकूम मागतोय आणि त्याला बटणाचा नुसता टिचकीसारखा हुकूम मिळतोय. काही डब्यांना उलट टिचकीच लागते, तेव्हा पुस्तिका पाहा. दोन्ही मशीनवर डिजिटल नाही पण दिवा मात्र बदलतोय, तर बहुतेक रीडरच्या केबली उलट्या लागल्या आहेत, डबा दर वेळी नेमका रिकाम्या मशीनकडे बघतोय. आणि चेंजओव्हरनंतर क्षणभर अ‍ॅनालॉग ऐकू येऊन लगेच डिजिटल सुरू होत असेल तर तो दोषच नाही. डब्याला नव्या रीडरकडून ठोकळे मिळून त्यांचा साठा जमेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

डीटीएस या दुसऱ्या डिजिटल पद्धतीचं गणित थोडं निराळं. तिथे आवाज फिल्मवर नसून डिस्कवर असतो, फिल्मवर चित्र आणि अ‍ॅनालॉग पट्टी यांच्यामध्ये फक्त टाइमकोडची, म्हणजे डिस्क चित्राशी जुळवणाऱ्या वेळेच्या खुणांची, बारीक तुटक रेघ. पण टाइमकोड कोणत्या मशीनचा घ्यायचा हा प्रश्न तोच आणि बदलाचा हुकूम नेणारा कॉन्टॅक्टही तसाच क्षीण, त्यामुळे वरचं सगळं तिथेही लागू.

आमच्याकडे डिजिटल दुसऱ्या मशीनवर आलं आणि लगेच नवीन तक्रार आली, या वेळी मालकांकडून. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. याचंही कारण साधं होतं. रीडर मशीनच्या डोक्यावर बसतो, फिल्म आधी त्याच्यातून जाते आणि मग गेटपाशी, म्हणजे चित्राच्या खिडकीपाशी, येते. मधल्या अंतराएवढा आवाज डब्याने रोखून धरायचा असतो आणि तो विलंब प्रत्येक मशीनसाठी वेगळा भरायचा असतो. दुसऱ्या मशीनवर डिजिटल असं कधी धड चाललंच नव्हतं, त्यामुळे तिथला आकडा कोणी तपासलाच नव्हता. फिल्म चढवून रीडरच्या खिडकीपासून गेटपर्यंतची भोकं मोजली. आबांनी दुसऱ्या मशीनचा लूप, म्हणजे गेटआधीचा फिल्मचा सैल वळसा, नेहमीच मोठा ठेवलेला, पण डब्यात आकडा भरला होता तो खऱ्या अंतरापेक्षा ८ भोकांनी जास्त, म्हणजे आवाज पूर्ण दोन चित्रं उशिरा. सेकंदाचा बारावा भाग. सांगायला किरकोळ, पण हॉलच्या शेवटच्या रांगेत २८ मीटरवर आवाज पोचायलाच तेवढा वेळ लागतो, तेव्हा तिथे बसलेल्याला दुप्पट उशीर. आकडा दुरुस्त केला आणि आबांना लूपची जागा खडूने आखून दिली. “चाळीस वर्सा मी लूप डोळ्यान घातलय,” ते म्हणाले. खडूची खूण मात्र त्यांनी पुसली नाही.

हमचं प्रकरण

हा भाग निराळा आहे, पण चेंजओव्हरची तक्रार घेऊन येणारा प्रत्येक जण शेवटी याचीही तक्रार करतो. दुसऱ्या मशीनवर अ‍ॅनालॉग चालू असताना तळाशी घूं असा हम. पहिल्यावर नाही. मे महिन्यात जास्त, श्रावणात जवळजवळ नाही.

अ‍ॅनालॉग पट्टी वाचणाऱ्या सोलर सेलपासून रॅकमधल्या आवाजाच्या प्रोसेसरकडे येणाऱ्या वायरीचं शील्ड, म्हणजे तिच्यावरचं तारांचं आवरण, फक्त प्रोसेसरच्या टोकाला जोडलेलं असावं. मशीनच्या टोकाला ते अंगाला लागलं की एक अर्थिंग मशीनमधून, दुसरं रॅकमधून, आणि दोघांच्या मधला फरक त्या शील्डमधून वाहायला लागतो. प्रोसेसरकडचा कनेक्टर काढा, शील्ड आणि मशीनचं अंग यांच्यामध्ये मीटर लावा. काहीही दाखवायला नको. आमचा मीटर वाजला. साउंड हेडमध्ये शील्डचा एक केस सुटून क्लॅम्पखाली अडकला होता. कापला, स्लीव्ह चढवली, हम तीन हिश्शांनी कमी झाला.

राहिलेला एक हिस्सा जमिनीतला. थिएटर जांभ्यावर उभं आहे. पावसाळ्यात जांभा स्पंजासारखा ओला असतो, पण एप्रिल-मेमध्ये वरचा थर कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. शिवाय इथे मशीनचं अर्थिंग एका खड्ड्यात आणि रॅकचं दुसऱ्या, दोन वेगवेगळ्या काळात दोन वेगवेगळ्या वायरमननी केलेलं. दोघांमध्ये मीटर धरला तर जवळजवळ ४ व्होल्ट एसी. दोन्ही खड्डे जाड पट्टीने एकत्र जोडले, एकात कोळसा आणि मीठ नव्याने भरलं.

हम घालवायला मशीनचं किंवा रॅकचं अर्थिंग काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देणारच. हम खरोखर जातो. आणि पुढे कधी रेक्टिफायरचं इन्सुलेशन फुटलं तर मशीनचं अंग ऑपरेटरच्या हाताखाली जिवंत होतं. शील्ड एका टोकाला सोडा, अर्थिंग कधीच सोडू नका.

हे काम नोव्हेंबरात झालं. पुढच्या ऑगस्टमध्ये, धो धो पावसात, मी मुद्दाम जाऊन पुन्हा डब्याच्या टर्मिनलवर मोजलं. दुसऱ्या मशीनवर असताना ११ मिलिव्होल्ट. मधल्या मे महिन्यात हम थोडा परतला होता, असं आबांनी सांगितलं. खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचं ठरलं होतं, पण गावात पाणीटंचाई, आणि अर्थिंगला पाणी घालताना पाहून शेजारची बाई भांडायला आली होती.